बावीस पावलं

शनिवार, २९ ऑक्टोबर १९७७. कर्जत.

शाळेतून आले तर दाराच्या फटीत जाड लिफाफा. पत्ता 'श्रीयुत तिरपागडे' यांचा, आणि खाली आमच्या साप्ताहिकाच्या संपादकांनी पेन्सिलीनं लिहिलेलं, 'बाई, हे तुमचंच.' या नावानं मी गेली चार वर्षं दर गुरुवारी लोकांना चिमटे काढते. गावात सगळ्यांना ते ठाऊक आहे. मुख्याध्यापकांना नाही, कारण ते काही वाचत नाहीत.

पत्र बायकांच्या क्रिकेट संघटनेचं. गेल्या महिन्यात मी लिहिलं होतं की या मंडळींची गोलंदाजांची निवड म्हणजे हळदीकुंकवाचं बोलावणं: मावशीनं भाचीला बोलवायचं, भाचीनं नणंदेला. घाटाखाली आणि खाडीपलीकडे माणसं राहतात हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. त्यावर अध्यक्षबाईंचं उत्तर असं: जानेवारीत परदेशी बायकांचे संघ येत आहेत, एक दिवसाचे सामने आहेत, पाच गोलंदाज निवडायच्या आहेत. १७ डिसेंबरला पुण्यात चाचणी. निवड समितीवर पाचवी जागा आम्ही आपल्याला देत आहोत. आपल्या खेड्यात कुणी गोलंदाज असेल तर घेऊन यावं. आपण पुरुष असल्यास समितीची हरकत नाही.

बाई हुशार दिसते. टीका करणाऱ्याला गप्प करायचं तर त्याला समितीवर घ्यावं, हे तिला कळलंय.

मी जाणार नाही. सेहेचाळीस वर्षांची बाई, मराठी आणि इतिहास शिकवणारी.

उत्तर लिहिलं. येते म्हणून.

रविवार, ६ नोव्हेंबर. पोशीर.

नागूकडे आले. माझा धाकटा भाऊ, वडिलांची भातशेती तोच पाहतो. खळं धरायचं काम चालू आहे. जमीन खणून, पाणी मारून, चोपण्यानं चोपून झाली. शेणानं सारवणं उरलंय. मधोमध तिवडा रोवलाय. मळणीचे बैल ज्या खांबाभोवती फिरतात तो. तिवड्याचा खड्डा दरवर्षी तोच. वडिलांच्या वेळचा.

आणि पलीकडे बांधावर माझा पांढरा दगड.

हे कुठंतरी एकदा लिहून ठेवायला हवं. १९४८च्या दिवाळीत आमचा आतेभाऊ मुंबईहून आला. तो गिरणीच्या संघातून खेळायचा. बॅट आणली होती आणि शिवणीचा लाल चेंडू. तिवडा म्हणजे यष्टी ठरली. गोलंदाजानं बावीस यार्डांवरून टाकायचं, असं त्यानं सांगितलं. मी तिवड्यापासून बावीस पावलं मोजली आणि त्या जागी बांधात दगड पुरला. सतरा वर्षांची होते, नऊवारीत. त्या दुपारी मी त्याला सात वेळा तिवड्यावर बाद केला. सात. आठव्यांदा तो बॅट टाकून खाली बसला आणि म्हणाला, "गोदे, तू मुलगा असतीस तर तुला मी उद्याच मुंबईला नेलं असतं."

मुलगी होते म्हणून चेंडू तेवढा माझ्याकडे ठेवून गेला. पुन्हा काही तो दिवाळीला आला नाही. चेंडू अजून कपाटात आहे, साड्यांखाली. डांबराच्या गोळ्यांचा वास लागलाय त्याला.

एकोणतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासताना, लग्नाचं विचारायला आलेल्यांना नकार देताना आणि मला आलेले नकार वाचताना, माझ्याकडे ते सात होते.

रविवार, १३ नोव्हेंबर. पोशीर.

हिरूला सांगितलं.

हिरू म्हणजे शेजारच्या धोंडूबाईंची सून. वय बावीस, नवरा मोरू कर्जतच्या इंजिन शेडमध्ये. तीन वर्षांमागं ती शेतातल्या माळ्यावरून गोफण फिरवून पोपट हाकत होती, डाव्या हातानं. पोपटाच्या पुढच्या लोंबीशेजारून दगड मारायची. पोपट उडायचा, लोंबी शाबूत. मी खाली उभी राहून बघतच राहिले. त्या दिवसापासून सुट्टीत आणि रविवारी मी तिला शिकवते. कोपर वाकवायचं नाही एवढं शिकवायला एक वर्ष गेलं. पुढचं ती आपणच शिकली. दगडापासून टाकते, चेंडू खळ्यावर पडतो, आणि मोरूच्या पायापाशी जाऊन असा वळतो की तो बिचारा बॅट हातात घेऊन तिवड्याला मिठी मारतो.

आज पुण्याचं नाव काढलं तर हिरू हातातली पेंढी खाली न ठेवता म्हणाली, "सासूला इचारा. मी कोन?"

धोंडूबाई ओट्यावर तंबाखू मळत होत्या. "किती दीस?"

"एक. सकाळी जाऊन रात्री परत."

"आन निवडली तर?"

"तर महिनाभर. गावोगाव सामने."

"आन मळणी?"

"तोवर आटपेल."

धोंडूबाईंनी तंबाखू तोंडात टाकली. "मळणी झाली का कुटं बी न्या. आमेरिकेला न्या. पन मी सांगते गोदाबाय, तिचा शेवटचा चेंडू नेहमी तोकडा पडतो. दमते. दम वाढवा."

ही बाई तीन वर्षं ओट्यावरून आमच्याकडे पाठ करून बसते, असं मला वाटत होतं.

मोरू म्हणाला, "आये, मला बी कायतरी इचारशील का?"

"तुला काय इचारायचं? तुला ती रोज बाद करते."

रविवार, २० नोव्हेंबर.

एक दिवसाच्या सामन्यासाठी गोलंदाज कसा निवडावा यावर आठवडाभर विचार केला. पाच दिवसांच्या सामन्यात गोलंदाजानं गडी बाद करायचे असतात. एक दिवसाच्या सामन्यात गडी नाही मिळाले तरी चालतील, धावा देऊ नयेत. म्हणजे साधारण आपल्याकडे सून निवडतात तसंच. रूप नको, हुशारी तर नकोच, हात सढळ नसावा. षटकामागून षटक तेच, त्याच जागी, कपाळाला आठी न घालता.

हे गुरुवारच्या मजकुरात घालावं की समितीपुढे बोलावं, ठरत नाही.

हिरू मात्र या मापात बसत नाही. ती प्रत्येक चेंडूवर गडी मागते. मी तिला म्हटलं, थोडी कंजुषी कर. तर म्हणाली, "बाई, ती घरात करतेच की."

रविवार, ४ डिसेंबर. पोशीर.

खळ्यावर तालुक्याचा मोजणीदार. नागूचा आणि पलीकडच्या पोशाचा बांधावरून जुना वाद आहे, त्याची मोजणी. माझा सराव बुडाला. तिवड्यापासून साखळी टाकली ती थेट माझ्या दगडापर्यंत. वर त्यानं दगडावर पाय दिला. मी म्हटलं, "अहो, तो हद्दीचा दगड नाही." तो म्हणाला, "मग कसला?"

त्यानं वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "एक साखळी बारा आणे." नागूनं विचारलं म्हणून समजावलंही: साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. म्हणजे दोन साखळ्यांना चार आणे कमी. गणित माझा विषय कधीच नव्हता. मी आपली घड्याळ बघत होते.

दोन तास गेले. पोशाचा बांध जागेवरच निघाला. नागू तडक बैलांना पाणी पाजायला निघून गेला.

रविवार, ११ डिसेंबर. पोशीर.

मळणी आटपली. धोंडूबाईंनी मोरूचा पांढरा लेंगा आवळून शिवला, कमरेला नाडी दुहेरी. हिरूनं घालून दाखवला तेव्हा मोरू तोंड फिरवून हसला. धोंडूबाई म्हणाल्या, "हस. पाय झाकलं का झालं. तुझा बाप याच्याहून वाईट दिसायचा."

आज हिरूनं तीस चेंडू टाकले. एकोणीस तिवड्यावर. मी मोजले. शेवटचाही तोकडा नव्हता.

संध्याकाळी कर्जतला परतताना उगीचच मनात आलं की पुण्यात कुणी विचारलं, हिला कुणी शिकवलं, तर काय सांगायचं. मी सांगणार, कुणी नाही. मग समोरची म्हणेल, कुणीतरी शिकवलंय. मग मी जरा थांबून सांगणार. हा संवाद नेरळहून कर्जत येईपर्यंत चार प्रकारे झाला. चारही वेळा मी थांबले होते.

रविवार, १८ डिसेंबर. कर्जत.

काल रात्री लिहिता आलं नाही. आज सगळं लिहिते.

पहाटे कर्जतला गाडीला मागून इंजिनं लागत होती. घाट चढायला पुढचं इंजिन पुरत नाही. मोरू फलाटावर आला होता, कागदात बांधलेले गरम वडे हिरूच्या हातात देऊन म्हणाला, "मागनं आमचं इंजिन ढकलतंय. भिऊ नको." हिरू म्हणाली, "तू ढकलतोस व्हय?" ठाकुरवाडी येईपर्यंत ती बाहेर बघत होती. मग विचारलं, "बाई, तिथं तिवडा असतो का?"

म्हटलं, तीन बारीक काठ्या असतात.

"मंग अवघड हाय," म्हणाली आणि वडा खाल्ला.

मैदान एका कॉलेजचं. चौदा गोलंदाज. अध्यक्षबाई उंच, केस कापलेल्या, आवाज घोगरा. मला बघून म्हणाल्या, "म्हणजे तिरपागडे बाई आहेत. मी पैज जिंकले." खुर्ची दिली, चहा दिला. मला त्या आवडल्या, हे नोंदवून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यात त्यांची काही चूक नाही.

हिरूची पाळी अकरावी. पहिला चेंडू पडला तो फलंदाजापासून इतका अलीकडे की तिनं वाट बघून, पदर सावरावा इतक्या सावकाश, तो कुंपणापार मारला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. हात बरोबर, कोपर सरळ, वळण तेच, आणि प्रत्येक चेंडू पाच-साडेपाच हात आखूड. दोन षटकांत एकोणीस धावा. शेजारच्या बाईंनी वहीत रेघ मारली.

मी विचार करत होते की बिचारी घाबरली. मग दोन षटकांच्या मध्ये मैदानावरचा माणूस फीत घेऊन आला, चुन्याची रेघ पुसली होती ती पुन्हा आखायला. त्यानं यष्टीपासून फीत धरली आणि ओरडला, "सहासष्ट फूट."

सहासष्ट म्हणजे तेहतीस दुणे. दोन साखळ्या. पूर्ण.

माझ्या दगडाला एक साखळी बारा आणे.

नऊवारीतल्या सतरा वर्षांच्या मुलीची पावलं. बावीस यार्ड म्हणून मी बावीस पावलं मोजली होती. एकोणतीस वर्षांत कुणी पुन्हा मोजलं नाही, कारण त्या दगडाशी माझ्याशिवाय कुणाचं काही काम नव्हतं. हिरूला मी तीन वर्षं सव्वाआठ फूट जवळून टाकायला शिकवत होते. आणि ते सात. तेही सव्वाआठ फूट जवळून.

ओरडून सांगणार होते. समितीवरच्या माणसानं ओरडायचं नसतं.

तिसरं षटक सुरू करण्याआधी हिरू यष्टीपाशी उभी राहिली आणि समोर नुसती बघत राहिली. पोपट बघायची तशी. मग टाकला. पहिला जरा आखूड. दुसरा कमी आखूड. तिसरा टप्प्यावर. चौथ्यावर फलंदाजाची बॅट हवेत आणि चेंडू तिच्या पायामागून आत. पाचवा, सहावा, कुणाला कळलेच नाहीत.

निवड बंद खोलीत. चार जागा पटकन ठरल्या. पाचव्या जागेला दोन नावं. एक पुण्याची मध्यमगती मुलगी, रेशनच्या रांगेसारखी सरळ, षटकाला दोन धावा. दुसरी हिरू. अध्यक्षबाई म्हणाल्या, "ते शेवटचं षटक मी विसरणार नाही. मी त्या पोरीला घेते." एक बाई त्यांच्या बाजूला. दोघी पुण्याच्या मुलीकडे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "ती आज पहिल्यांदाच पूर्ण लांबीवर टाकतेय. तिनं पूर्ण लांबीवर एकच षटक नीट टाकलंय. एका षटकावर देशाचा संघ निवडत नाहीत. वर्षभर थांबा."

अध्यक्षबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही आणलेली मुलगी आहे ना?"

"म्हणूनच," मी म्हणाले.

आणि पुण्याच्या मुलीसाठी हात वर केला.

मी न्यायानं वागले. हे वाक्य मघापासून तीनदा लिहून खोडलं आहे. चौथ्यांदा राहू देते. मावशी, भाची, नणंद असं लिहिणारी मी. माझ्या शेजारच्या सुनेसाठी हात वर केला असता तर लोक काय म्हणाले असते? मात्र लोक म्हणजे कोण, हे आता आठवत नाही. त्या खोलीत मला हसणारं कुणी नव्हतं.

परतीच्या गाडीत हिरूनं घाट लागल्यावर विचारलं, "तुमी कुनासाटी हात वर केला?"

खोटं बोलता आलं असतं. सांगितलं.

तिनं वड्यांचा रिकामा कागद घडी घालून कमरेला खोचला. मग म्हणाली, "बाई, तुमी दगड पायानं मोजला व्हता नं?"

"हो."

"मला तिसऱ्या षटकात समजलं. वाटलं, आता तुमाला सांगावं. तुमी वर बसल्या व्हत्या."

कर्जतच्या फलाटावर मोरू होता. हिरू त्याला एवढंच म्हणाली, "बाईंनी मला नाय घेतलं." समिती म्हणाली नाही. बाईंनी.

शुक्रवार, २३ डिसेंबर.

या गुरुवारी तिरपागडे यांनी मजकूर दिला नाही. संपादकांना वाटलं, तिरपागड्यांना ताप आला. त्यांना म्हटलं, मलाच आलाय.

वर्तमानपत्रात संघाची यादी आली. शेवटून दुसरं नाव पुण्याच्या मुलीचं. कात्री घेतली आणि ठेवून दिली. ते कुणासाठी कापायचं?

रविवार, २५ डिसेंबर.

पोशीरला गेले नाही. नागूचा निरोप आला: 'अक्का, धोंडूबाई इचारत होती, बाय आजारी हाय का. आन हिरू रोज खळ्यावर कायतरी खणते.' सरावाचा पट्टा उखडायला घेतला असेल माझ्यावरच्या रागानं. घ्यावा.

आतेभावाचा पत्ता शोधला. दादरचा, पंधरा वर्षांपूर्वीचा. पोस्टकार्डावर लिहिलं: 'ते सात मोजू नयेत. अंतर कमी होतं.' सही केली. मग विचार केला, त्याला कशाला आठवत असेल. आठवत असेल तर ते राहू दे. कार्ड चेंडूशेजारी ठेवलं.

रविवार, १ जानेवारी १९७८. पोशीर.

चेंडू पिशवीत घालून गेले. हिरूला देऊन टाकायचा, माफी मागायची आणि दुपारच्या गाडीनं परत, असं ठरवलं होतं. भाषण तयार होतं, चांगलं होतं.

खळ्यावर बघते तर माझा पांढरा दगड जागेवर नाही. बांधात त्याचा खड्डा तेवढा. नागूचा बांध पार करून, त्याला लागूनच असलेल्या मोरूच्या रानात सव्वाआठ फूट मागे, तो रोवलेला. मधली जमीन चोपून, शेणानं सारवून, खळ्याला जोडलेली. मोरू शेडमधून लोखंडी फीत घेऊन आला होता. पोशानं स्वतः दुसरं टोक धरलं म्हणे, बांधाचं वैर बाजूला ठेवून. फुकट मोजणी बघायला मिळाली म्हणून असेल.

हिरू दगडापाशी उभी होती. तिच्या पायाजवळ चेंडूंचा ढीग, चिंध्यांचे, रबराचे, एक बुचाचा. तिवड्याच्या पायथ्याशी मातीत खाच पडलेली.

मी भाषण सुरू केलं. तिनं ते दोन वाक्यं ऐकलं.

"ऱ्हाऊ द्या. पुडल्या वर्सी हाय नं चाचणी?"

"आहे."

"तुमी असाल वर बसलेल्या?"

"बोलावलं तर."

"बोलावतील. तुमी लिवता नं वाईट." मग ती माझ्या पिशवीकडे बघून म्हणाली, "ते काय हाय?"

चेंडू काढून दिला. तिनं तो फिरवून बघितला, हुंगला, नाक मुरडलं. आणि परत माझ्या हातात ठेवला.

"टाका."

"मी?"

"नवीन दगडावरनं. तुमीच मोजलं व्हतं नं पयलं."

धोंडूबाई ओट्यावर बसल्या होत्या, आज पाठ करून नव्हे. मोरू बॅट घेऊन तिवड्यापाशी जाऊन उभा राहिला, कपाळाला आठी घालून, जणू मी कोण आहे ते त्याला ठाऊकच नाही. मी पदर खोचला. चप्पल काढली. दगडापासून बघितलं तर तिवडा पार तिकडे होता, दुसऱ्या कुणाच्या तरी शेतात असावा इतका.

खांदा दुखतो आहे, म्हणून अक्षर वाकडं येतंय.

चेंडू हातातून सुटला तेव्हा वाटलं, बरोबर आहे. तो नव्या सारवणावर पडला. पुन्हा एकदा पडला. मग घरंगळत, दमलेल्या बैलासारखा, मोरूच्या बॅटच्या चांगला हातभर अलीकडे थांबला.

कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं.

"तोकडा हाय," धोंडूबाई ओट्यावरून म्हणाल्या. "दम वाढवा."

हिरू गेली, चेंडू उचलला, पदरानं पुसला आणि माझ्याकडे घेऊन आली.

"आता परत टाका," ती म्हणाली. "गाडी चारची हाय."